नवे बुश, तीच कटकट: पद्मिनीच्या पुढच्या सस्पेन्शनचं परत परत येणारं दुखणं

तक्रार अशी. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यात बसणारे रबरी भाग) गेले म्हणून बाजारातून नवा सेट आणला, बसवला. महिना-दीड महिना गाडी गप्प. मग एके दिवशी कुडाळच्या वाटेवर खड्ड्यात चाक उतरलं आणि उजवीकडून 'कट्' झालं. आठवडाभरात स्पीडब्रेकर उतरतानाही 'कट्-कट्' सुरू, आणि ब्रेक लावला की गाडी जरा एका अंगाला ओढायची. खोलून बघावं तर चार महिन्यांचं रबर फाटलेलं. अडीच वर्षांत हे माझ्याकडे तीनदा झालं. तिन्ही वेळा मी बुश बनवणाऱ्याचा उद्धार केला आणि तिन्ही वेळा चूक माझ्या पान्याची होती.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: रबरी बुशचे नट गाडी जॅकवर आणि चाकं लटकत असताना शेवटचे आवळू नका. तेव्हा नुसते हाताने बसतील एवढे बसवा. गाडीचं सगळं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा. खालचं सगळं लिहिलंय ते मी इथवर कसा पोचलो आणि एवढं करूनही आवाज उरला तर कुठे बघायचं याबद्दल.

गाडी बाबांनी घेतलेली, १९८६ ची. मालवणात उभी असते, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ज्यांनी पद्मिनीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र, प्रत्येकाला वर एक आखूड आणि खाली एक लांब असे दोन आर्म, वजन पेलायला कॉइल स्प्रिंग. मागे अखंड ॲक्सल, तो पाट्यांवर म्हणजे लीफ स्प्रिंगवर. मूळ मांडणी इटलीच्या फियाट ११०० ची. कुर्ल्याच्या कारखान्यात गाडीचं नाव डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी असं बदलत गेलं, पण खालचा कारभार बराचसा तोच राहिला. म्हणून दुकानात आजही कुणी 'पद्मिनीचे बुश' मागत नाही, 'फियाटचे बुश' मागतात.

मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर सुट्या भागांची ददात नव्हती. २००३ साली नोंदलेली तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. आता मूळ माल ऑपेरा हाऊसच्या एखाद्या दुकानाच्या माळ्यावर सापडला तर सापडला. नाहीतर मिळतो तो नव्याने ओतलेला, कोणाच्या साच्यातून निघालाय त्याचा पत्ता नसलेला माल. त्यामुळे काही बिघडलं की पहिला संशय मालावरच जातो, माझाही गेला.

पहिला सेट कोल्हापुरातून आणला, स्वस्तातला. चार महिने टिकला. दुसरा मुंबईहून लक्झरीच्या ड्रायव्हरकडे पार्सल देऊन मागवला, दुप्पट पैसे मोजून. तोही चारच महिने. मग दुकानदार म्हणाला, 'हेवी ड्यूटी' घ्या, रबर कडक आहे. ते कडक रबर अडीच महिन्यांत फाटलं. खरं तर तिथेच डोक्यात उजेड पडायला हवा होता. माल जितका कडक तितका लवकर जातोय, म्हणजे झिजून जात नाहीये, कशाने तरी फाडला जातोय.

तिसऱ्या वेळी काढलेले आठही बुश पडवीत वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या रबरात चंद्रकोरीसारखी चीर. हातात घेऊन फिरवून बघितल्यावर लक्षात आलं की डावीकडच्या सगळ्या चिरा एकाच दिशेला झुकलेल्या आहेत आणि उजवीकडच्या त्याच्या आरशातल्यासारख्या उलट. वरच्या आर्मचे बुश खालच्यांपेक्षा जास्त फाटलेले. खराब रबर फाटलं असतं तर वाट्टेल तसं फाटलं असतं, आठ जणांनी ठरवून फाटल्यासारखं नसतं.

हे सगळं पिशवीत घालून मी कणकवलीकडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर मुंबईत टॅक्सींची कामं करून आता गावी येऊन राहिलेले. बुश नीट बघितलेही नाहीत त्यांनी. विचारलं, "आवळतंस खंय? जॅकार?" मी म्हटलं, हो तात्या, आणि कुठे आवळणार, गाडी खाली आल्यावर पाना कसा जाणार? त्यावर म्हणाले, "झिला, गाडी आदी जमनीर येवंदे, मगे आवळ. रबराक पीळ घालतंस आणि मगे कंपनीक गाळी घालतंस."

चहा झाला, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी पडताळून बघितलं, कारण आपला स्वभावच तसा.

मुलीची लाल नेलपॉलिश घेतली. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना खाली शिरून आर्मपासून, आर्म जिच्याभोवती फिरतो त्या आतल्या पिनच्या टोकापर्यंत एक सरळ बारीक रेघ ओढली. आर्म हलतो, पिन हलत नाही, त्यामुळे रेघ तुटली तर किती हललं ते डोळ्यांना दिसतं. रेघ वाळल्यावर गाडी जॅकवर घेतली आणि चाक लटकू दिलं. खालच्या आर्मवर रेघेचे दोन तुकडे सुमारे चार मिलिमीटरने सरकले. वरच्या आर्मवर सहा.

आकडे लहान वाटतात, पण हिशोब करा. माझ्या फितीने चाक लटकल्यावर साडेसात सेंटिमीटर खाली गेलं. खालचा आर्म आतल्या पिनपासून बाहेरच्या टोकापर्यंत २८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तो १५ अंशांहून थोडा जास्त फिरला. वरचा आखूड, २० सेंटिमीटरच्या आसपास. चाक तेवढंच खाली गेलं तरी त्याला २२ अंश फिरावं लागलं. वरचे बुश आधी का फाटले त्याचं उत्तर इथे आहे.

आता रबरी बुश काम कसं करतो ते बघा. बाहेर लोखंडी कडी, आत लोखंडी नळी म्हणजे स्लीव्ह, मध्ये रबर. नट आवळला की स्लीव्ह पिनशी घट्ट धरली जाते. ती फिरत नाही, फिरायची नाहीच. आर्म वरखाली होतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. त्यात घासण्यासारखं काही नाही, म्हणून त्याला ग्रीसही लागत नाही. पण चाक लटकत असताना तुम्ही नट आवळलात, तर रबराचं 'मूळ ठिकाण' तेच ठरतं. गाडी खाली आली की नुसत्या उभ्या गाडीतच रबर पंधरा-वीस अंश पिळलेलं. त्यावर खड्डा आला की आणखी दहा अंश. धुणं पिळून, तसंच पिळलेलं दोरीवर टाकून, वर रोज पीळ घालत राहावं असा प्रकार.

एक खूण मी तिन्ही वेळा बघूनही समजलो नव्हतो. बुश बदलल्यावर गाडीचं नाक बोटभर उंच दिसायचं. मी खूश व्हायचो, म्हणायचो नवे बुश कसे ताठ आहेत बघा. ते पिळलेलं रबरच गाडीला वर ढकलत होतं. महिनाभरात नाक खाली यायचं, म्हणजे रबर फाटायला लागलेलं असायचं. एका बाजूचं आधी फाटायचं आणि ब्रेकला गाडी ओढायला लागायची.

बसवायचं कसं

खोलण्याआधी माप घ्या. गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, डिकी रिकामी. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ वर किती अंतर आहे ते दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. माझं माप इथे देत नाही, कारण चाळीस वर्षांत स्प्रिंग किती बसलीय यावर ते बदलतं. दोन बाजूंच्या मापात जास्त फरक असेल तर आधी स्प्रिंगचा विचार करा.

बुश दाबताना जोर बाहेरच्या कडीवर यायला हवा, स्लीव्हवर किंवा रबरावर नाही. कडीच्या मापाचा मोठा सॉकेट आणि बाकावरचा वाइस पुरतो. हातोडा मारून घातलेला बुश आत तिरका बसतो आणि त्याचा आवाज वेगळाच. रबर सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ऑइल नको. ऑइलबद्दल पुढे बोलायचंच आहे. आर्म काढण्यासाठी स्प्रिंग सोडवावी लागत असेल तर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय हात लावू नका. दाबलेली कॉइल सुटली तर ती कुठे जाईल हे तिलाही माहीत नसतं.

नट हाताने बसवा, वर अर्धा फेरा. चाक लावा, गाडी खाली घ्या. इथे बहुतेकजण एक गोष्ट विसरतात. जॅकवरून उतरल्यावर पुढची चाकं लगेच आपल्या जागी येत नाहीत. टायर जमिनीला धरून बसतो आणि गाडी जरा उंचच राहते. म्हणून गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला, बंपरवर पाच-सहा वेळा जोर देऊन झुलवा, आणि मघाचं माप जुळतंय का ते पुन्हा बघा. जुळलं की आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आणि टॉर्क पान्याने.

पाना कसा जाणार, हा माझा मूळ प्रश्न होता. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पिट असलेलं गॅरेज गाठणं आणि अर्धा तास जागा मागून घेणं. घरी करायचं तर चारही चाकांखाली रुंद लाकडी ठोकळे द्या, आणि वर चढवल्यावर गाडी पुन्हा पुढेमागे हलवून झुलवा. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात आणि मोह होतो. गाडीखाली चिरे लावून त्याखाली माणसाने शिरू नये. चिरा वरून दगड दिसला तरी आतून पोकळ, ठिसूळ असू शकतो, आणि भिजला की आणखीच कमकुवत. तिसरा मार्ग: बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून खालच्या आर्मखाली जॅक लावायचा आणि घेतलेलं माप जुळेपर्यंत आर्म वर घ्यायचा. माप जुळलं की आर्म नेमक्या त्या कोनात येतो. मी शेवटी असंच केलं, कारण सगळे नट समोर दिसत होते.

मागच्या पाट्यांच्या पुढच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यात) रबरी बुश असतील तर नियम तोच. शॉकअपच्या डोळ्यांनाही तोच.

फाटलेला बुश वाचायला शिका

कारण एकच असतं असं नाही. जुना बुश टाकण्याआधी उजेडात धरून बघा, तो सांगतो.

चीर कोरडी, कडा धारदार, सगळ्या एकाच दिशेला: पीळ. वर सांगितलं तेच.

रबर फुगलेलं, मऊ, बोटाला काळं चिकटणारं: ऑइल. हे आपलं खास कोकणी पाप. मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्यापूर्वी, गंज धरू नये म्हणून गाडीच्या खालून जळकं ऑइल मारायचं. बाबा दरवर्षी मारायचे, मीही मारत होतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारा वारा, त्यामुळे पत्र्यासाठी ते काही अगदीच खुळेपण नाही. पण नैसर्गिक रबर खनिज तेल पिऊन फुगतं आणि त्यातला दम निघून जातो. माझे मागचे शॅकल बुश याच कारणाने गेले होते. आता ऑइल मारण्याआधी बुशांवर प्लास्टिकची पिशवी बांधतो, आणि ब्रेकच्या होजवरही. चुकून उडालंच तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवून टाकतो.

वाळलेल्या मळ्यासारख्या बारीक भेगा: वय. नव्या पाकिटातून काढलेल्या बुशवर अशा भेगा दिसल्या तर तो माल माळ्यावर फार वर्षं पडलेला आहे, परत करा. 'जुना ओरिजिनल स्टॉक' ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येतं, पण रबर हे लोणचं नव्हे.

रबर ठीक, पण स्लीव्हच्या आत आणि पिनवर तांबूस चकचकीत पट्टा: स्लीव्ह पिनवर फिरत होती. हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मी आवळण्याची पद्धत सुधारल्यावरही डावीकडून एक बारीक 'टिक्' येतच होती, आणि ती इथून येत होती.

आतली स्लीव्ह बाहेरच्या कडीपेक्षा दोन्ही बाजूंना थोडी लांब असावी लागते. मग नट आणि वॉशर स्लीव्हच्या टोकांवर बसतात, आणि कडीला, आर्मला स्पर्शही करत नाहीत. बाजारातल्या सेटमध्ये नेमकी हीच लांबी गडबडते. व्हर्नियरने मोजलं तर माझ्या आठांपैकी दोन स्लीव्ह बाकीच्यांपेक्षा ०.८ मिलिमीटर आखूड. तेवढ्यामुळे वॉशर आर्मच्या कडेवर टेकत होता. नट कितीही आवळा, जोर आर्मवर जातो, स्लीव्ह सैलच राहते, आणि लोखंडावर लोखंड घासून टिकटिक करतं. नट आणखी आवळून हे जात नाही, उलट पिन खराब होते. दोन पातळ वॉशर घालून भागवण्याचा सल्लाही मिळाला होता. मी ऐकला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर दोन स्लीव्ह बरोबर मापाच्या करून घेतल्या. जाण्यायेण्याच्या पेट्रोलपेक्षा काम स्वस्त पडलं, आणि करूळ घाटात चढताना टिक् मोजायची संधी मिळाली.

म्हणून सेट हातात आला की बसवण्याआधी प्रत्येक स्लीव्हची लांबी, आतलं भोक आणि बाहेरच्या कडीचा व्यास मोजा. जुन्या बुशशी ताडून बघा. आठातले आठ सारखे निघाले तर दुकानदाराला नमस्कार सांगा. स्लीव्ह पिनवर चढवताना पिनला पातळ अँटीसीझ (गंजून जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावा. नाहीतर पुढच्या वेळी खाऱ्या हवेने दोघांचं लग्न लागलेलं असतं आणि घटस्फोटाला ग्राइंडर लागतो. रबराला मात्र ते लागू देऊ नका.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असं बरेचजण विचारतात. त्यात पिळाचा प्रश्नच येत नाही, कारण रबरासारखं ते स्लीव्हला चिकटवलेलं नसतं, स्लीव्ह आत फिरते. पण फिरते म्हणूनच तिला सिलिकॉन ग्रीस लागतं. आपल्याकडच्या तांबड्या धुळीत आणि चिखलात ते ग्रीस किती दिवस स्वच्छ राहणार? वाळलं की दाराच्या जुन्या बिजागरीसारखी कुरकुर सुरू. शिवाय कडक असल्याने खड्ड्याचा धक्का थेट क्रॉसमेंबरला (पुढच्या खालच्या आडव्या तुळईला) आणि बॉडीला जातो. चाळीस वर्षांच्या, किनाऱ्यावर वाढलेल्या पत्र्याला तो द्यायला मी तयार नाही. शर्यतीची गाडी असती तर वेगळा विचार केला असता.

बुश ठीक, तरी आवाज

मागून 'धड्' येत असेल तर शॉकअपची लांबी बघा. पद्मिनीला दुसऱ्याच गाडीचे शॉकअप 'थोडं ॲडजस्ट करून' बसवण्याची पद्धत आहे. डोळ्याचं माप जुळलं की झालं, असं समजतात. शॉकअप पूर्ण दाबला जाण्याआधी बंपस्टॉपचं (ॲक्सल फार वर येऊ न देणारं) रबर टेकलं पाहिजे, आणि ॲक्सल लटकल्यावर शॉकअप ताणून तुटेपर्यंत आखूड नको. काढून हाताने पूर्ण उघडून, पूर्ण मिटून दोन मापं घ्या आणि गाडीवरच्या मापांशी जुळवा. गणपतीला सामान आणि माणसं कोंबायची म्हणून मागे जादा पाटा घालून घेतलेल्या गाड्यांत हा आवाज हमखास येतो. रिकाम्या गाडीत ॲक्सल एवढा खाली असतो की शॉकअप कायम जवळजवळ पूर्ण उघडा, आणि शॅकलही भलत्याच कोनात. आमच्या गाडीत बाबांनी १९९५ च्या सुमारास घातलेला असा एक पाटा होता. काढला. आता गणपतीला दोन फेऱ्या मारतो.

पुढून 'कट्' येतोय पण बुश चांगले दिसतायत, तर चाक जॅकवर घेऊन वरखाली दोन हातांनी धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन. किंगपिनच्या ग्रीस निपलमध्ये ग्रीस जातंय की नुसतं बाहेरून सांडतंय, तेही बघा. आमच्याकडे एक निपल पूर्ण गंजून बुजलेलं निघालं.

हे सगळं झालं की अलाइनमेंट करून घ्या. त्याशिवाय नवे बुशही टायर खातात.

आवळून झाल्यावर नट आणि पिनवर मी तीच लाल रेघ पुन्हा ओढली. ५०० किलोमीटरनंतर बघितली, जुळलेली. मधल्या पावसाळ्यानंतर बघितली, चिखल पुसून, तेव्हाही जुळलेली. आता चौदा महिने झालेत आणि पुढून आवाज नाही. मागच्या डाव्या शॅकलची एक स्लीव्ह आखूड आहे, ती मोजून ठेवलीय. दिवाळीनंतर कोल्हापूरला जाईन तेव्हा लेथवर देईन.